पालघरला विचारून सही करा

२० जानेवारी २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी दुसऱ्यांदा अमेरिकेच्या अध्यक्षपदाची शपथ घेतली आणि पहिल्याच दिवशी २६ कार्यकारी आदेशांवर सह्या केल्या. त्यानंतर आपल्याकडेही एक सूर वाढला आहे. वाहिन्यांवरच्या चर्चेत, उद्योजकांच्या बैठकीत, डहाणू लोकलच्या डब्यात, सगळीकडे तो ऐकू येतो. राज्य करावे तर असे, फाइल फिरवत बसू नये, सही करावी आणि मोकळे व्हावे. या युक्तिवादाला पालघर जिल्ह्याचे उदाहरण तर हमखास जोडले जाते. वाढवण बंदर, बुलेट ट्रेन, मुंबई-वडोदरा महामार्ग ही सगळी कामे ग्रामसभा, प्राधिकरणे आणि सुनावण्या यांच्या फेऱ्यात अडकली. सरकारने अधिसूचनेचे हत्यार उपसले तेव्हा कुठे ती मार्गी लागली, असे सांगितले जाते.

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण त्यात खरेपणाचा अंश आहे. एका सहीने मोठी आणि चांगली कामे झाली आहेत. अमेरिकी सैन्यातला काळा-गोरा भेद संपवण्याचा आदेश हॅरी ट्रुमन यांनी २६ जुलै १९४८ रोजी काढला. त्या काळच्या अमेरिकी संसदेत असा कायदा मंजूर होण्याची आशा धरणेही कठीण होते. पण त्याच्या सहा वर्षे आधी, १९ फेब्रुवारी १९४२ रोजी, त्याच पदावरून, त्याच अधिकाराने फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी काढलेल्या आदेशामुळे जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना घरदार सोडून छावण्यांत जावे लागले. त्यांतले बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. दोन्ही आदेशांत सहीचा वेग सारखाच होता. तेव्हा वेग हा गुण मानायचा, तर तो कोणत्या बाजूला धावतो याची शाश्वती कोणी द्यायची, हा प्रश्न उरतोच.

ट्रुमन यांनाही ही मर्यादा भेटली. कोरियाचे युद्ध चालू असताना पोलाद कामगारांचा संप होऊ घातला, तेव्हा ८ एप्रिल १९५२ रोजी त्यांनी आदेश काढून देशातले बहुतेक पोलाद कारखाने सरकारच्या ताब्यात घेतले. दोन महिन्यांच्या आत, २ जून रोजी, सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो आदेश रद्द केला. संसदेने जो अधिकार दिलेला नाही तो अध्यक्षाला केवळ निकड आहे म्हणून मिळत नाही, असा त्या निकालाचा गाभा होता.

तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कारखानदारांना सहीचे राज्य आवडते, त्यांनी २०२५ चा ऑगस्ट आठवावा. ट्रम्प यांच्या आदेशाने भारतीय मालावर २५ टक्के आयातशुल्क ७ ऑगस्टला लागू झाले. त्याच्या आदल्या दिवशी, रशियन तेलाचे कारण देऊन, आणखी २५ टक्क्यांचा आदेश निघाला आणि २७ ऑगस्टपासून तो अमलात आला. तीन आठवड्यांत २५ चे ५० झाले. औषधांना त्यातून सूट होती, कापडाला नव्हती. बोईसरमध्ये कापड विणणारे, रंगवणारे, प्रक्रिया करणारे कारखाने आहेत. अमेरिकेसाठी माल बनवणाऱ्यांच्या ऑर्डरी आधीच्या दराने घेतलेल्या होत्या. त्यांचे म्हणणे सही करण्यापूर्वी कोणी ऐकले नव्हते. वॉशिंग्टनमधून झाले तेव्हा जे खुपले ते मुंबईतून होते तेव्हा मात्र धडाडी वाटते, हे बरोबर नाही.

आपल्याकडे ‘कार्यकारी आदेश’ या नावाचा कागद नाही, पण त्याची भावंडे पुष्कळ आहेत. वटहुकूम आहे, अधिसूचना आहे, शासन निर्णय आहे, आणि सर्वांत धाकटे, सर्वांत कमी नजरेत येणारे कार्यालयीन ज्ञापन आहे. पालघरचे तर आयुष्यच या कागदांवर उभे आहे. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा हे तालुके आणि पालघर, वसईतली बरीच गावे अनुसूचित क्षेत्र ठरली ती राष्ट्रपतींच्या २ डिसेंबर १९८५ च्या आदेशाने. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा राज्याचा ३६ वा जिल्हा झाला तोही अधिसूचनेने. म्हणून सरकारने आदेश काढूच नयेत, असे इथला कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. वाद आदेश कसा निघतो याचा आहे, आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण जमिनीचे आहे.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम ३६-अ आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींच्या हाती सहज जाऊ देत नाही. जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि विक्रीसाठी राज्य सरकारची पूर्वमान्यताही. जून २०१६ मध्ये राज्यपाल चे. विद्यासागर राव यांनी राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालचा अधिकार वापरून या कलमात भर घातली. अनुसूचित क्षेत्रात अशी परवानगी देण्यापूर्वी ग्रामसभेची मंजुरी घ्यावी लागेल, असे त्यांनी ठरवले. आदिवासी चळवळीतल्या लोकांनी याचे स्वागत केले आणि ते योग्यच होते.

१४ नोव्हेंबर २०१७ रोजी त्याच राज्यपालांची, त्याच अनुसूचीखाली, त्याच कलमावर दुसरी अधिसूचना आली. सरकारच्या ‘महत्त्वाच्या प्रकल्पा’साठी परस्पर संमतीने जमीन खरेदी करायची असेल तर ग्रामसभेच्या मंजुरीची गरज नाही, असे तिने ठरवले. महत्त्वाचे प्रकल्प म्हणजे कोणते, याचा खुलासाही त्यातच होता: राष्ट्रीय आणि राज्य महामार्ग, रेल्वे, वीजवाहिन्या, रस्ते, गॅसच्या आणि पाण्याच्या नळवाहिन्या, कालवे, आणि अशाच स्वरूपाचे इतर. ज्यांनी पालघरचा नकाशा पाहिला आहे त्यांना ही यादी वाचताना जिल्ह्यातली गावेच डोळ्यांपुढे येतील. बुलेट ट्रेनचा मार्ग याच जिल्ह्यातून जातो, मुंबई-वडोदरा महामार्ग याच जिल्ह्यातून जातो, मालगाड्यांचा स्वतंत्र लोहमार्ग आणि उच्चदाबाच्या वाहिन्याही इथूनच जातात. जिथे मंजुरीचा खरा उपयोग होता तिथूनच ती उचलली गेली. दिल्यापासून काढून घेईपर्यंत १७ महिने गेले.

समर्थक म्हणतात, खरेदी परस्पर संमतीने होते. मालक राजी असेल तर गावाने मध्ये पडण्याचे कारण काय? प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. पण ही संमती कोणाकोणाची ते पाहावे. एका बाजूला प्रकल्प राबवणारी कंपनी असते आणि तिच्यामागे प्रांत, तहसीलदार, मोजणीदार, मूल्यांकन करणारा, गरज पडली तर पोलीस बंदोबस्त. दुसऱ्या बाजूला पाड्यावरचा एक वारली खातेदार. त्याच्या सातबाऱ्यावर वारलेल्या आजोबांचे नाव अजून तसेच असते, लग्न होऊन गेलेल्या आत्यांची नावे कधी लागलेली असतात, कधी नसतात. शेजारच्या गटाला काय दर मिळाला हे त्याला ठाऊक नसते. त्याच्या जमिनीवर दोन पिढ्या झोपडी घालून राहणाऱ्या चुलत भावाचे नाव कुठेच नसते. हा व्यवहार तलाठी कार्यालयात टेबलापाशी होतो तेव्हा दोन सह्यांत संपतो.

हीच बाब ग्रामसभेपुढे आली की चित्र बदलते. शाळेच्या पडवीत किंवा समाजमंदिरात लोक जमतात. ग्रामसेवक विषय वाचून दाखवतो. कोणीतरी दर विचारतो आणि तो सगळ्यांच्या कानावर पडतो. एखादी बाई उठून विचारते की रूळ टाकल्यावर विहिरीवर जायची वाट कुठून राहणार. म्हातारा माणूस सांगतो की त्या तुकड्याच्या कडेला गावदेव आहे. पलीकडच्या पाड्यावरचा मुलगा विचारतो की शाळेत जायला भुयारी रस्ता ठेवणार का. मग ठराव होतो, सूचक आणि अनुमोदकाची नावे पडतात, सह्या-अंगठे होतात. यातला एकही प्रश्न खरेदीखतात मावत नाही, आणि एकही प्रश्न एकट्या खातेदाराचा नाही. जमीन एकाच्या नावावर असली तरी तिच्या जाण्याचे नुकसान पाड्याचे असते, म्हणून पाड्याला विचारायचे.

संसदेने हेच ओळखले होते. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीशी विचारविनिमय बंधनकारक केला. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे कलम ४१ आणखी पुढे गेले आणि त्याने पूर्वसंमतीच मागितली. संसदेने चर्चा करून, मतदान करून संपादनाच्या दाराला जी कडी लावली, ती खरेदीच्या वाटेवर एका अधिसूचनेने निघाली. विधानसभेत त्यावर विधेयक आले नाही, चर्चा झाली नाही, मत पडले नाही.

आणि वेगाचे काय झाले? बुलेट ट्रेनचे भूमिपूजन १४ सप्टेंबर २०१७ रोजी झाले, ग्रामसभेची अट दोनच महिन्यांत निघाली, तरीही प्रकल्पाची पूर्ण जमीन ताब्यात आल्याची घोषणा व्हायला जानेवारी २०२४ उजाडला. या सहा वर्षांत महासाथ आली, राज्यात सरकारे बदलली, मुंबईतल्या जमिनीचे खटले चालले. कारणे पुष्कळ होती. पण ग्रामसभेला बाजूला सारल्यामुळे काम झपाट्याने झाले, हा दावा या तारखांपुढे टिकत नाही. ज्यांना विचारले नाही त्यांनी मोजणीदाराला शेतात पाय ठेवू दिला नाही. वेळ तिथे गेला. विचारून जी हरकत एका बैठकीत कळली असती ती बांधावर येऊन उभी राहिली.

इथे कायद्यातली एक फट नीट दाखवली पाहिजे, कारण सगळा प्रकार तिच्यातून घडतो. पाचव्या अनुसूचीच्या परिच्छेद ५ मध्ये राज्यपालांना दोन प्रकारचे अधिकार आहेत. अनुसूचित क्षेत्रासाठी नवा विनियम करायचा असेल तर जनजाती सल्लागार परिषदेचा सल्ला घ्यावा लागतो आणि राष्ट्रपतींची अनुमती मिळेपर्यंत तो अमलात येत नाही. पण एखादा चालू कायदा तिथे लागू करू नये, किंवा फेरफार करून लागू करावा, असे ठरवायचे असेल तर नुसती जाहीर अधिसूचना पुरते. सल्लागार परिषदेची अट त्याला नाही, राष्ट्रपतींच्या अनुमतीची नाही, विधिमंडळाची तर नाहीच. घटनाकारांनी हा अधिकार आदिवासींना बाधक ठरणारा कायदा झटकन अडवता यावा म्हणून ठेवला. ढाल म्हणून दिलेला अधिकार संरक्षण सैल करण्यासाठी वापरला गेला, तेव्हा त्याला अडवायला मध्ये कोणीच नव्हते.

आता प्रतिपक्षाचा सर्वांत मजबूत मुद्दा. तुम्ही उद्योगांवर बंधने घालणाऱ्या डहाणूच्या १९९१ च्या अधिसूचनेचे गोडवे गाता, तीही केंद्र सरकारच्या सहीनेच निघाली होती. मग वाढवण बंदराची वाट मोकळी करणाऱ्या २०२० च्या आदेशांवर आक्षेप का? तुम्हाला हवा तो निकाल देणारी सही चालते आणि नको तो देणारी चालत नाही, एवढाच याचा अर्थ.

हा आरोप फेटाळायचा तर कागद उघडावे लागतात. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुक्यात उद्योगांवर बंधने घातली. प्रदूषणाप्रमाणे हिरवे, नारिंगी आणि लाल असे गट केले, लाल गटाला बंदी केली, उद्योगांसाठी सगळ्या तालुक्यात मिळून ५०० एकरांची कमाल मर्यादा ठेवली, आणि तालुक्याभोवती २५ किलोमीटरचा पट्टा उद्योगमुक्त ठेवायला सांगितले. पण त्या आधी, फेब्रुवारी १९९१ मध्ये, हरकती मागवणारी सूचना राजपत्रात निघाली होती, आणि आलेल्या हरकतींचा विचार केल्याचे अंतिम अधिसूचनेतच लिहिले होते. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी २०१९ मध्ये जग सोडेपर्यंत त्याचे अध्यक्ष होते. ते लोकांना बोलावत, ऐकत आणि कारणे देऊन निर्णय देत. ऑस्ट्रेलियाच्या पी अँड ओ कंपनीचे वाढवण बंदर या प्राधिकरणाने १९ सप्टेंबर १९९८ रोजी अमान्य केले ते असे ऐकून. डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राला धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवायला लावली तीही याच प्राधिकरणाने; १९९९ मध्ये आदेश झाला आणि कंपनीशी वर्षानुवर्षे झगडून २००७ मध्ये यंत्रणा सुरू झाली. वीज बंद पडली नाही. विकास अडला नाही. हवा मात्र सुधारली.

याच्याशेजारी २०२० चे कागद ठेवावेत. देश टाळेबंदीत होता. मच्छीमार, बागायतदार, वाढवण-वरोर-चिंचणीच्या पट्ट्यातले घराघरांत दागिन्यांच्या डाया कोरणारे कारागीर, सगळे दाराआड होते. ३० एप्रिल २०२० रोजी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने बंदरे, धक्के आणि समुद्रातला गाळ काढणे ही कामे उद्योगात न मोडणाऱ्या निराळ्या वर्गात टाकली. त्याच्या पाठोपाठ ८ जूनला पर्यावरण मंत्रालयाचे कार्यालयीन ज्ञापन आले. ज्या वर्गीकरणामुळे डहाणूत बंदर अमान्य ठरले होते त्याचा पायाच असा निघाला. १९९१ ची अधिसूचना शब्दश: तशीच राहिली, तिच्यातून बंदर तेवढे बाहेर पडले. हरकती मागवल्या असत्या तर वाढवणच्या किनाऱ्यावरून किती आल्या असत्या हे त्या किनाऱ्यावर एकदा गेलेल्या कोणालाही सांगता येईल.

पुढचा इतिहास लपवण्याचे कारण नाही. डहाणूच्या प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी वाढवण बंदराला अटी घालून ना हरकत दिली. जानेवारी २०२४ मध्ये पालघरला जनसुनावणी झाली. १८ एप्रिल २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने विरोधातल्या याचिका फेटाळल्या. केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६ हजार २२० कोटींच्या प्रकल्पाला जूनमध्ये मंजुरी दिली आणि ३० ऑगस्टला पंतप्रधानांनी पालघरमध्ये पायाभरणी केली. म्हणजे आदेश न्यायालयात टिकला आहे. पण न्यायालय अधिकार होता की नाही हे पाहते. तो अधिकार वापरण्यापूर्वी लोकांना विचारणे शहाणपणाचे होते की नाही, हे ठरवणे न्यायालयाचे काम नाही. ते लोकशाहीचे काम आहे. आणि जनसुनावणी कधी झाली? बंदर उद्योगच नाही हे ठरून चार वर्षे उलटत आली तेव्हा. १ हजार ४४८ हेक्टर समुद्र भरून काढायचा की नाही यापेक्षा तो कसा भरायचा एवढेच बोलायला जागा उरली होती. फरक निकालाचा नाही. १९९१ मध्ये आधी विचारले आणि मग सही केली. २०२० मध्ये आधी सही झाली.

सहीवर भरवसा ठेवणाऱ्यांत फक्त प्रकल्पवाले नाहीत. आदिवासींचे हितचिंतकही आहेत, आणि त्यांच्याशीही स्पष्ट बोलले पाहिजे. ९ जून २०१४ च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातली शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, आरोग्यसेवक यांसारखी पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखली. हेतू उत्तम होता. मोखाड्याच्या शाळेत वारली-कोकणा बोलणारा शिक्षक असावा, यापेक्षा रास्त मागणी नाही. २९ ऑगस्ट २०१९ च्या अधिसूचनेने गावातल्या आदिवासी लोकसंख्येप्रमाणे १००, ५० आणि २५ टक्के असे प्रमाण ठरवले. पण २२ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने आंध्र प्रदेशातला असाच शंभर टक्क्यांचा आदेश रद्द केला. राज्यपालांचा हा अधिकार मूलभूत हक्कांच्या वर नाही आणि त्यातून नवा कायदा निर्माण करता येत नाही, असे त्या निकालाने सांगितले. त्याचे पडसाद महाराष्ट्रात उमटले. भरतीला आव्हान मिळाले, १७ संवर्गांतल्या नियुक्त्या अडकल्या, निवड झालेली मुले-मुली घरी बसली. ऑगस्ट २०२४ मध्ये माजी आमदार जे. पी. गावित नाशिकला उपोषणाला बसले. ४ ऑक्टोबरला विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उडी घेतली. त्यानंतर मानधनावर तात्पुरत्या नेमणुकांचा तोडगा निघाला. हक्काची नोकरी मागणाऱ्या तरुणाच्या हाती मानधन पडले.

कायदा केला असता तरी सरसकट शंभर टक्के टिकले असते असे नाही. मूलभूत हक्क विधिमंडळालाही बांधतात. पण विधेयक आणायचे म्हटले की आकडेवारी गोळा करावी लागते, बिगर-आदिवासी उमेदवारांचे म्हणणे ऐकावे लागते, समितीत शब्द घासून घ्यावा लागतो. न्यायालयात उभे राहायला लागणारी सगळी तयारी त्यात होऊन जाते. अधिसूचनेने ती तयारी टाळली आणि तिची किंमत जव्हार-विक्रमगडच्या पदविकाधारकांनी मोजली.

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले डॉ. डी. सी. वाधवा यांनी बिहारचे राजपत्र चाळून दाखवून दिले होते की १९६७ ते १९८१ या काळात तिथल्या राज्यपालांनी २५६ वटहुकूम काढले आणि मुदत संपली की तेच पुन्हा पुन्हा काढत काही तब्बल १४ वर्षे जिवंत ठेवले. त्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने या प्रकाराला घटनेशी लबाडी म्हटले. एका अभ्यासकाने एवढे काम केले, कारण विधानसभेला बाजूला ठेवून राज्य चालवता येते ही कल्पनाच त्याला असह्य झाली.

पालघरसाठी जे हवे ते अवघड नाही. आपल्या कायद्यात ते जागोजाग आहे. जमीन महसूल संहितेत नवा जिल्हा करायचा किंवा हद्द बदलायची तर मसुदा आधी प्रसिद्ध करावा लागतो. पर्यावरण संरक्षण नियमांत हरकतींसाठी साठ दिवसांची तरतूद आहे. तीच अट पाचव्या अनुसूचीखालच्या अधिसूचनांना राज्याने स्वत:हून लावून घ्यावी: मसुदा मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर, ग्रामसभेत वाचून, जनजाती सल्लागार परिषदेचे मत जोडलेले, आणि एखादे संरक्षण कमी होत असेल तर त्याची लेखी कारणे. अगदी निकडीच्या वेळी सही आधी झाली तरी सहा महिन्यांत ती विधिमंडळापुढे यावी, नाहीतर आपोआप संपावी. वटहुकुमाला विधिमंडळापुढे येण्याची मुदत आहे; या अधिसूचनांनाच ती नसण्याचे काही कारण नाही.

जिल्ह्यात विधानसभेच्या सहा जागा आहेत आणि त्यांतल्या डहाणू, विक्रमगड, पालघर आणि बोईसर या चार अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. या चारही आमदारांनी, पक्ष कोणताही असो, १४ नोव्हेंबर २०१७ ची अधिसूचना मागे घेण्याचा ठराव एकत्र मांडावा आणि त्यावर मतविभागणी मागावी. वाढवण बंदराला जोडणारे रस्ते, लोहमार्ग आणि वाहिन्या अजून यायच्या आहेत, आणि त्यांच्यासाठी लागणारी जमीन याच गावांची आहे.